तिसऱ्या ओळीतला दम

पोटॅटो क्रीक
१२ ऑक्टोबर १९८१

एमेट,

आत्याला माझा पत्ता सापडला कसा, असं तुला वाटेल. पत्ता होताच. तुझ्या नाताळच्या कार्डांवर असतो. कार्डाच्या आत तुझ्या सहीखेरीज काही नसतं, म्हणून मीही इतकी वर्षं तोंड मिटून होते. आता ते चालणार नाही.

दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, सप्टेंबरच्या सुरुवातीला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. दवाखान्यातून गेल्या मंगळवारी घरी आणला. मी माझी खाट, माझा कुत्रा आणि माझी कढई घेऊन त्याच्या घरात राहायला आले आहे.

वाचाही गेली. एकच शब्द उरलाय, 'नाही'. कॉफी हवी का म्हटलं तरी नाही, नको का म्हटलं तरी नाही, आणि कप मात्र पुढे केलेला. आपला थिओडोर बघायला आला होता. चुलतभाऊ असला तरी थट्टेच्या बाबतीत तो आजाऱ्यालाही सोडत नाही. म्हणाला, "क्लेमेंट, सरकारशी बोलायला आता तुलाच पाठवू. आपल्या इंडियन लोकांनी शंभर वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या करारांपुढे हा एवढा एक शब्द धरून ठेवला असता तर बरं झालं असतं." दादा इतका हसला की ठसका लागला. डोकं शाबूत आहे हे मला तेव्हा कळलं.

आणि परवा सकाळी मी कॉफी टाकत होते तर मागून गाणं सुरू झालं. पहाटेच्या पाण्याचं गाणं, रात्रभराच्या बैठकीनंतर उजाडताना म्हणतात ते, आपल्या घरचं. एक सूर इकडचा तिकडे नाही. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मग लक्षात आलं, आपल्या गाण्यांत शब्द असतातच कुठे? नुसतं हे-ने-ने-यो-वे. झटका शब्द न्यायला आला होता, त्याला गाण्यात न्यायला काही सापडलं नाही. आडनाव ब्लॅक क्रो, म्हणजे काळा कावळा, आणि गळा हा असा. देवाची ही थट्टा मला लहानपणापासून आवडते.

आता कामाचं. माझ्या वडिलांनी, तुझ्या आजोबांनी, दक्षिणेकडच्या लोकांकडून पेयोटीच्या निवडुंगाचं औषध आणलं, धुनी आणली आणि चार गाणी आणली, तेव्हा मी चालतही नव्हते. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ते वाटाड्या म्हणून, बैठक चालवायला, धुनीजवळच्या मातीच्या चंद्रकोरीमागे बसले. मग तीस वर्षं दादा बसला. या बैठकीतून दारू सोडून घरी गेलेली माणसं मी मोजायचं सोडून दिलं. काठी, पिसांचा पंखा, खुळखुळा आणि ढोलाचं लोखंडी भांडं, सगळं देवदाराच्या पेटीत आहे. दादानं मागेच सर्वांसमोर सांगून ठेवलं होतं, 'घरातलं कुणी पुढे आलं नाही तर मी गेल्यावर पेटी माझ्याबरोबर मातीत ठेवा.' डॉक्टर म्हणतात, वर्षभरात दुसरा झटका येईल आणि त्यातून तो उठणार नाही.

दादाला काय वाटतं ते मला विचारू नकोस. बहिणीनं भावाच्या तोंडाकडे बघून बोलायचं नसतं, आम्ही त्या वळणाची माणसं. जन्मभर मी त्याच्याशी जे बोलले ते स्टोव्हकडे बघून, नाहीतर कुत्र्याला उद्देशून. या घरातलं सगळं कुत्र्याला माहीत आहे.

ये. तू पहाटेचं गाणं गा, मी पाणी घेऊन आत येते.

तुझी आत्या,
लव्हीना


डेन्व्हर
३ नोव्हेंबर १९८१

आत्या,

पत्र मिळालं. बाबांचं वाचून वाईट वाटलं. तू त्यांच्याजवळ आहेस म्हणून मी इथे झोपू शकतो.

सोबत जाकीट पाठवतोय. आमच्या कारखान्यात सोफ्यांना कातडं चढवतात, त्यातलं उरलेलं मऊ कातडं होतं. चेन नाही, मोठी बटणं आहेत, आणि ती डाव्या हातानं लावता येतील अशी शिवली आहेत. मी एक हात बांधून लावून पाहिली.

येणं जमणार नाही. पेटी थिओडोरकाकाला दे. त्याला सगळं येतं आणि लोक त्याला मानतात.

कारण तुला माहीत आहे, तरी एकदा लिहितो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. मी तीस वर्षांचा होतो आणि बाबांनी पहाटेचं गाणं पहिल्यांदा माझ्याकडे दिलं. गाणाऱ्यानं धरायची काठी माझ्या हातात, ढोल त्यांच्या हातात. बैठकीत लोक काय काय गातात ते तूही ऐकलं आहेस. कुणी विसरतो, कुणी रडायला लागतो, थिओडोरकाकाच्या मेहुण्याला तर सूर कधी सापडलेलाच नाही. पण ढोल थांबतो का? गाणारा कितीही अडखळला तरी ढोल त्याला सोडत नाही. हे मला शिकवलं बाबांनीच. लहान असताना माझ्या मनगटावर बोटांनी ठोके देऊन शिकवलं.

माझ्या वेळी त्यांनी ढोल थांबवला. तिसऱ्या ओळीत, तीस माणसांसमोर. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघेनात. मग नुसता लाकडं जळण्याचा आवाज. इतकं वाईट गायलेला माणूस आपल्या लोकांत आजवर झाला नसेल. तेव्हापासून मी काठी हातात घेतली नाही, घेणारही नाही.

जाकीट त्यांना मोठं झालं तर कळव.

एमेट


पोटॅटो क्रीक
२१ नोव्हेंबर १९८१

एमेट,

जाकीट बरोबर बसलं. काढतच नाही. झोपायला जातानाही अंगात. बटणं स्वतः लावतो आणि लावून झाली की मी पाहिलं का ते बघतो. मी स्टोव्हला म्हटलं, "कुणीतरी फार देखणं दिसतंय." स्टोव्ह काही बोलला नाही, पण मागून हसू ऐकू आलं.

बाकी तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. पेटी थिओडोरला दे म्हणे. पेटी म्हणजे सोफा आहे का, इथून उचलला तिथे ठेवला? थिओडोरची धुनी वेगळी आहे, त्याच्या वडिलांकडून आलेली. आपली तो का सांभाळेल? तो स्वतःच म्हणाला, "माझ्या घरात एक बायको आहे, दुसरी आणून ठेवू का?"

आणि तुला एवढं सगळं आठवतं तर पुढचंही आठवत असेल. मी तंबूच्या दाराबाहेर पाण्याची बादली घेऊन उभी होते. आत तुझं गाणं, मग तुला लागलेली उचकी, मग ढोल बंद, आणि मग तू. डोक्यात राख घालून निघालास तो डावीकडून वळून यायचं सोडून उलटा आलास, धुनी आणि माणसांच्या मधून. आपल्यातलं तान्हं पोरही तसं जात नाही. वर बाहेर पडताना तुझा पाय बादलीला लागला. रात्रभर बसलेल्या तीस माणसांसाठी अर्धी बादली पाणी घेऊन मी आत गेले. मी एकेकाच्या हाताकडे बघत होते, घोट मोठा घेतो की लहान. सगळ्यांनी लहान घेतले. कुणी न सांगता. आपली माणसं कशी आहेत ते मला त्या सकाळी पुन्हा कळलं, आणि तू ते बघायला थांबला नाहीस.

दादानं ढोल थांबवला ते कडक झालं, हे मी कबूल करते. पण चुकलास तू. मी ते गाणं लहानपणी ऐकलं, आणि १९५३पासून, विधवा होऊन माहेरी आले तेव्हापासून, दर बैठकीत ऐकते आहे. तिसऱ्या ओळीत कुणी थांबत नाही. ती ओळ एका श्वासात वर जाते. तू मधेच उचकी दिलीस. घाबरला असशील, भूक लागली असेल, काहीही असेल. एवढ्यासाठी माणूस नऊ वर्षं घर सोडतो का?

उत्तर पाठव. कार्ड नको.

लव्हीना


डेन्व्हर
९ जानेवारी १९८२

आत्या,

उशीर झाला. चार वेळा लिहून फाडलं.

बादलीचं मला माहीत होतं. पायाला लागली तेव्हा पाणी बुटात गेलं. ते बूट अजून आहेत, घालत नाही. लोकांनी लहान घोट घेतल्याचं माहीत नव्हतं. ते वाचून मी उठून गल्लीत एक चक्कर मारून आलो.

पण ती उचकी नव्हती.

तू '५३ साली परत आलीस. आजोबा '५१ साली गेले. त्यांची शेवटची पाच-सहा वर्षं तू सासरी होतीस, शंभर मैलांवर. त्यांची फुप्फुसं शाळेतल्या वयातच खराब झाली होती. मधे औषधानं सुधारली आणि म्हातारपणी पुन्हा बिघडली, हे तू ऐकलं असशील. त्या शेवटच्या वर्षांतलं त्यांचं गाणं तू ऐकलेलं नाहीस.

मी ऐकलंय. हिवाळ्यात ते मला पोटाशी घेऊन स्टोव्हजवळ बसायचे. माझा कान त्यांच्या छातीवर असायचा. सगळी गाणी मी तशीच शिकलो, तोंडातून बाहेर पडायच्या आधी. तिसऱ्या ओळीत गाणं वर चढायला लागलं की आत कापड फाटल्यासारखा आवाज यायचा आणि गाणं थांबायचं. बरगड्या वर जायच्या, खाली यायच्या, मग गाणं पुढे. मला वाटायचं ते गाण्यातच आहे. ओळ, मग दम, मग ओळ. त्यांनीही कधी सांगितलं नाही की हे माझं दुखणं आहे, तू शिकू नकोस.

मग मला वाटत होतं तसंच मी गायलो. बाबा एका दमात गातात हे मला दिसत होतं, पण त्यांची छाती मोठी आहे म्हणून त्यांना दम लागत नाही, असं मी धरून चाललो होतो.

कारखान्यात कातडं ओढून बसवताना मी अजून ते गुणगुणतो. दम न घेता म्हणून पाहिलं. जमतं. पण मग ते दुसऱ्या कुणाचं तरी गाणं होतं.

हे लिहिताना मला पहिल्यांदा भीती वाटतेय. मी शिकलो ते गाणं होतं की एका म्हाताऱ्याचा खोकला होता? खोकला असेल तर मी नऊ वर्षं एका चुकीला कवटाळून बसलोय आणि बाबांनी ढोल थांबवला ते योग्यच होतं. त्यांना विचारायला हवं होतं. आता त्यांच्याकडे एकच शब्द आहे, आणि तो मला नको आहे.

एमेट


पोटॅटो क्रीक
२ फेब्रुवारी १९८२

माझ्या एमेट,

बर्फ दारापर्यंत आलंय, टपालवाला तीन दिवस आला नाही, पण हे पत्र आजच लिहिते. नाहीतर हातातून काहीतरी सांडेल.

तुझं पत्र मी दादाला वाचून दाखवलं. म्हणजे स्टोव्हला वाचून दाखवलं, मोठ्यानं, माझी पाठ त्याच्याकडे. आजोबांच्या छातीवर कान ठेवायचास ते आलं तेव्हा मागे खुर्ची करकरली. पुढे वाचत गेले. 'तो मला नको आहे' इथे मी कागद खाली ठेवला.

मग मागे गाणं सुरू झालं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी वर चढायला लागली आणि थांबली. मला वाटलं झालं, दुसरा झटका आला. पण त्या शांततेत टक टक टक टक चालू होतं. खुर्चीच्या हातावर त्याचं डावं बोट, ढोलाचाच ठोका. सहा ठोके मी मोजले. मग आवाज परत आला आणि ओळ पुरी झाली.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच, तिथेच दम, आणि बोट चालूच. मला अजून काही कळेना. मी एवढी शहाणी, पण मला कळेना.

तिसऱ्या वेळी तो तिथे आला, आवाज थांबला आणि बोटही थांबलं. मग धप्प असा आवाज आला. आणि तो म्हणाला, "नाही." पुन्हा धप्प, पुन्हा "नाही."

एमेट, मी मागे वळले. सत्तरीला आलेली बाई आणि पहिल्यांदा आपल्या भावाच्या तोंडाकडे बघितलं. तो डाव्या मुठीनं स्वतःची छाती बडवत होता. तू दिलेल्या जाकिटावर. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो माझ्या डोळ्यांत बघत होता, त्यालाही त्या वळणाचं काही वाटेना.

मग मला सगळं एकदम कळलं. वडिलांच्या त्या शेवटच्या वर्षांत त्यांच्यासाठी ढोल कोण वाजवत होतं? दादा. वडिलांचा दम तुटला की तो ढोल चालू ठेवायचा, दम परत येईपर्यंत. सहा ठोके, कधी दहा. वडील ढोलाला धरून परत यायचे. वडील गेल्यावर त्यानं गाणं एका श्वासात गायला सुरुवात केली, कारण तो दम त्याचा नव्हता. आणि वीस वर्षांनी तू काठी घेऊन बसलास आणि त्याच जागी वडिलांचा दम घेतलास. दादाला वाटलं वडीलच समोर आले. त्याचा हात थांबला.

तू चुकला नव्हतास. तो चुकला होता. ज्या जागी ढोल थांबवायचा नसतो नेमका तिथेच थांबला आणि गाणाऱ्याला सोडून दिलं. सबंध मुलुखात ज्याच्या हाताचं नाव, त्यानं हे मुलाला कसं सांगायचं? आणि मी दाराबाहेर उभी राहून त्याला उचकी म्हणाले. तो शब्द मी परत घेते. माझ्या वडिलांचा श्वास होता तो, आणि मला ओळखता आला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दादासाठी बैठक आहे. थिओडोर चालवेल, धुनी आपली. तोपर्यंत दादा असेल. त्यानं तसं ठरवलंय असं त्याच्या जेवणावरून दिसतं.

तुझी आत्या,
लव्हीना


डेन्व्हर
२० फेब्रुवारी १९८२

आत्या,

घरात हरणाचं कातडं आहे का? असलं तर कुणाला कापू देऊ नकोस. बैठकीच्या आदल्या सकाळी भिजत घाल, विहिरीच्या पाण्यात, नळाच्या नको. ढोल मी बांधणार.

भांड्यावर कातडं ताणताना दोरी अडकवायच्या सात गोट्या पेटीत आहेत का बघ. त्यातली एक निळी होती.

एमेट


पोटॅटो क्रीक
४ मार्च १९८२

एमेट,

कातडं आहे. चांगलं आहे, मागच्या शरदातलं.

गोट्या सहाच निघाल्या. पेटी सगळी उपसली, खाटेखाली पाहिलं, कुत्र्यावर आळ घेतला. काल धुण्याला कपडे काढले तर निळी दादाच्या शर्टाच्या खिशात. खिशाला आतून भोक पडून शिवलेलं आहे, म्हणजे बरीच वर्षं तिथे असावी. स्टोव्हला विचारलं. स्टोव्ह म्हणाला, "नाही."

लव्हीना


पोटॅटो क्रीक
३ जून १९८२

एमेट,

तू बसमध्ये बसलास आणि धुरळा खाली बसायच्या आत मला तुला काय काय सांगायचं राहिलं ते आठवायला लागलं. म्हणून लिहिते.

ढोल बांधताना मी तुला खिडकीतून बघत होते. कातडं ओलं असताना ओढायचं, दोरी गोटीभोवती फिरवून दातात धरायची, मग अंगठ्यानं दाबून ऐकायचं आणि पुन्हा ओढायचं. सोफ्यांनी तुझे हात बिघडवले नाहीत, उलट तयार केले. दादा दारात खुर्ची टाकून बसला होता. तू दोनदा सोडून पुन्हा बांधलास तेव्हा तो इतका खूश झाला. पहिल्या वेळी बांधून मोकळा होणारा माणूस त्याला कधीच पटला नाही.

आता पहाटेचं. पाणी आणायची शिट्टी वाजली आणि मी बादली घेऊन तंबूच्या दाराशी उभी राहिले. पूर्वेला नुकतं फटफटत होतं. आत दादाचं गाणं सुरू झालं. झटक्यानंतरही तो आवाज, काय सांगू. घरात गातो त्याहून खणखणीत, जणू पंचवीस वर्षं मागे जाऊन बसलाय. तिसऱ्या ओळीत तो थांबला, वडिलांसारखा. पण ढोल चालू राहिला. इतका वेळ चालू राहिला की मी डोळे मिटून घेतले, आणि मग आवाज परत आला.

मी आत आले ती नेहमीसारखी मान खाली घालून. दादासमोर बसायचं म्हटल्यावर जुनी सवय परत आली. काठी त्याच्या मांडीवर होती तेवढी दिसली. या वेळी बादली काठोकाठ भरलेली होती आणि प्रार्थना करताना मला शब्द सुचेनात, म्हणून नुसती नावं घेतली, आपल्या सगळ्यांची, गेलेल्यांचीही. लोकांनी मोठे घोट घेतले. मग मका, सुकं मांस आणि चोकचेरीच्या रानफळांचं गोड वाटताना मी रडले ते सर्वांनी धुराच्या नावावर खपवलं.

फक्त एक सांगते, रागावू नकोस. दादा असा गायला, पण तुझा ढोल मात्र कच्चा होता. ठोका पुढे-मागे पडत होता. दुसऱ्या ओळीत तर एक सुटलाच. नऊ वर्षांत हात गेला असणार. सरावानं येईल. थांबला नाहीस, तेवढं मला पुरे आहे. थिओडोरला म्हटलं, "पोराचा ढोल जरा डगमगतोय ना?" तर तो मेला हसत सुटला आणि काहीच सांगेना.

पेटीचं काय ठरवलंस ते लिही. दादा रोज तिच्याकडे बघतो.

लव्हीना


डेन्व्हर
१० जून १९८२

आत्या,

थिओडोरकाकाला मीच सांगितलं होतं, आत्याला काही बोलू नकोस, मी लिहीन. त्याच्या पोटात इतके दिवस गोष्ट राहिली हाच मोठा चमत्कार.

गात होतो मी.

शिट्टीनंतर काकानं काठी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती क्षणभर धरली आणि माझ्यापुढे केली. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही गा, मी ढोल घेतो." ते म्हणाले, "नाही." मग त्यांनी डावा हात पसरला आणि ढोलाची काडी मागितली. काका उठून त्यांच्या पुढ्यात आला, भांडं बाबांच्या गुडघ्याला टेकवून तिरकं धरून बसला. कातड्यावर अंगठा ठेवायला बाबांकडे दुसरा हात नव्हता, तो काकानं ठेवला.

तुला बाबांचा आवाज वाटला. आत्या, हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

ठोका पुढे-मागे होता, बरोबर आहे. झटक्याआधी ज्या हातानं त्यांनी कधी चमचाही धरला नव्हता त्या हातानं ते वाजवत होते. दुसऱ्या ओळीत काडी निसटली, काकानं उचलून दिली. तिसऱ्या ओळीत गाणं वर चढायला लागलं तेव्हा मला एकदा वाटलं, न थांबता पुढे जावं, जमतं मला. बाबा माझ्याकडे बघत होते, मागच्या वेळी बघितलं नव्हतं तसं, सरळ. मी दम घेतला.

ढोल चालू होता. डाव्या हाताचा, डगमगता, पण चालू. सहा ठोके झाले. माझा दम केव्हाच परत आला होता, पण मी गायलो नाही. दहा झाले, बारा झाले. तू डोळे मिटून घेतलेस म्हणतेस, ते तेव्हा. मी नुसता ऐकत होतो. मला माहीत होतं की मी अजून कितीही वेळ गप्प राहिलो तरी ते थांबणार नाहीत.

गाणं संपल्यावर काठी मी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तू आत आलीस.

कारखान्यात नोटीस दिली आहे. खोलीत नेण्यासारखं फार काही नाही, एक सुई-दोऱ्याची पेटी आणि ते बूट. तीस तारखेच्या बसनं येतो. देवदाराची पेटी कुठेही हलवू नकोस, मातीत तर नाहीच. बाबांना तसं सांग. स्टोव्हकडे बघून सांगितलंस तरी चालेल.

एमेट